वैशाखातील कोकणयात्रा आणि जामखेडचा शेतकरी

रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली, कडब्याच्या गंजी रचून झाल्या आणि नांगरलेली ढेकळे उन्हात तापू लागली की जामखेड तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास वर्षातील सर्वांत दीर्घ अवकाश लाभतो. मृग नक्षत्र जूनच्या 7-8 तारखेस लागते. चैत्र उलटल्यापासून तोपर्यंतचे पाच-सहा आठवडे शेतात करण्याजोगे काम थोडे आणि सावलीत बसून काढण्याचे दिवस फार, अशी स्थिती असते. याच दिवसांत लग्नसराई असते, गावोगावच्या यात्रा असतात आणि अंगणाअंगणांतून कुरडया, सांडगे, उडदाचे पापड वाळत असतात. हा अवकाश मुख्यतः पुरुषांचा होय. घरातील स्त्रियांस तो क्वचितच लाभतो, हे येथेच नमूद केलेले बरे.

या दिवसांत चार दिवस सवड काढून सहकुटुंब समुद्र पाहून यावे, कोकणातला आंबा कोकणातच बसून खावा, अशी इच्छा तालुक्यातील अनेकांच्या मनात असते; परंतु ती बोलून दाखविण्याचाही संकोच वाटतो. अवर्षणप्रवण तालुक्यातील शेतकऱ्याने मौजेसाठी गाव सोडावे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपते. देवदर्शनास निघालेल्या माणसास कोणी हटकीत नाही. समुद्र पाहावयास निघालेल्यास मात्र 'पैसा फार झाला काय?' असे विचारले जाते. हा संकोच अनाठायी आहे. किंबहुना वैशाखातील कोकणयात्रा हा शेतकरी कुटुंबाच्या वार्षिक व्यवहाराचा एक भाग व्हावयास हवा, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तीस उत्तेजन द्यावयास हवे.

प्रवास या भागास नवा नाही. जामखेड, पाथर्डी आणि लगतच्या बीड जिल्ह्यातील गावांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास सहस्रावधी कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. पतिपत्नीच्या जोडीस तेथे 'कोयता' म्हणतात. माणसांची गणना हत्याराच्या नावाने होते. ज्या बाईने कारखान्याच्या तळावर पाच-सहा महिने पाचटाच्या खोपीत काढले, तिने घाटापलीकडचा प्रदेश पाहिलाच असेल तर तो फडाच्या बांधावरून पाहिला. पोटासाठी शेकडो कोस जावयाचे आणि आनंदासाठी एक कोसही जावयाचे नाही, हा कोणत्याही समाजाच्या मानाचा विषय होऊ शकत नाही.

शिवाय या तालुक्याची परंपराही प्रवाशाची कदर करणारी आहे. 31 मे 1725 रोजी याच तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी व धर्मशाळा बांधविल्या. वाटेवरच्या माणसास पाणी आणि निवारा मिळावा हे त्यांनी राज्यकर्त्याचे कर्तव्य मानले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्यास वाटेवर निघण्याची लाज वाटावी, हे विपरीत होय.

खर्चाचा आक्षेप मात्र दृष्टिआड करण्याजोगा नाही. ज्या घरावर सावकाराचे देणे आहे किंवा ज्याचे पीककर्ज थकले आहे, त्या घराने कर्ज काढून समुद्र पाहू नये, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्या घरातून लग्नाच्या एका पंगतीत आणि डीजेच्या दणदणाटात वर्षाची शिल्लक उडते, त्या घराने काटकसरीचे नाव पुढे करून कुटुंबाची यात्रा नाकारावी, यात काटकसर किती आणि सवय किती याचा विचार व्हावा. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून 2022 पासून 75 वर्षांवरील वृद्धांस विनामूल्य आणि 2023 पासून स्त्रियांस अर्ध्या भाड्यात प्रवासाची सवलत आहे. म्हणजे आजी, सून आणि नात बरोबर नेल्याने खर्च वाटतो तितका वाढत नाही. पंधरा-वीस कुटुंबांनी मिळून गाडी ठरविली आणि मुक्काम हॉटेलाऐवजी कोकणातील शेतकऱ्याच्या घरी केला तर भार आणखी हलका होतो. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये जाहीर झाले. तत्पूर्वीपासूनच दिवेआगर, श्रीवर्धन, दापोली, गुहागर या बाजूस घरगुती निवास व जेवण देणारी कुटुंबे आहेत. बचत गटाने वर्षभर दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवली तर वैशाख येईतो जाण्यायेण्याचा खर्च हातात असतो.

जावे केव्हा, हा प्रश्न शेतकऱ्यास नोकरदाराप्रमाणे सुट्टीवरून सोडविता येत नाही. कोकणचा खरा उत्सव शिमगा. त्या दिवसांत ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, मुंबईचे चाकरमानी गावी परततात, रत्नागिरीकडे नमन-खेळे रंगतात. परंतु फाल्गुन म्हणजे जामखेडकडे ज्वारीची काढणी. तेव्हा घर सोडणे शक्य नसते. अगदी अखेरीस जावे तर जूनच्या आरंभी समुद्र खवळतो आणि कोकणात पाऊस येतो. यास्तव अक्षय तृतीया ते मे महिन्याचा तिसरा आठवडा हाच काळ योग्य. अक्षय तृतीयेस पितरांच्या नावे पाण्याने भरलेली कऱ्याकेळी देऊन आमरसाचे जेवण झाल्यावरच आंबा खाण्यास आरंभ करणारी घरे देशावर अद्याप पुष्कळ आहेत. त्यांच्या नेमासही हा काळ जुळतो. हंगामाच्या आरंभी महाग असणारा हापूस मे महिन्यात आवाक्यात येतो. चाकरमानी पुन्हा गावी आलेले असतात, लग्ने व पूजा चालू असतात, आणि सिंधुदुर्गाकडे गेल्यास एखाद्या गावी दशावताराचा खेळही रात्रभर पाहावयास मिळतो. परतून चौंडीच्या 31 मेच्या जयंतीस हजर राहता येते आणि मृगाच्या पेरणीची तयारीही चुकत नाही.

पुण्यावरून ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे निघालेल्या जामखेडकरास पहिला धक्का बसतो तो हवेचा. तापमापकात पारा जामखेडपेक्षा पाच-सहा अंश खालीच असतो, पण अंगातून घामाच्या धारा लागतात. कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसास, विशेषतः वृद्धांस, पहिले दोन दिवस हे जड जाते. मिठाचे पाणी किंवा कोकमाचे सरबत वेळोवेळी घेतल्यास त्रास कमी होतो. दुसरा धक्का पाण्याचा असतो, आणि शेतकऱ्याने तो विशेष लक्षपूर्वक घ्यावा.

कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जामखेडकडे तो सहाशे मिलिमीटरच्या आसपास. तरीही मे महिन्यात कोकणातील कित्येक वाड्यांवर स्त्रिया हंडे घेऊन टँकरची वाट पाहताना दिसतात. याचे कारण जमिनीत आहे. डोंगराचा उतार तीव्र, समुद्र जवळ, आणि जांभ्याचा थर इतका सच्छिद्र की पडलेले पाणी त्यात टिकत नाही. जामखेडची काळी जमीन ओल धरून ठेवते म्हणूनच पावसाळा संपल्यावर पेरलेली ज्वारी केवळ ओलीवर आणि थंडीवर पिकते. 'आमच्याकडे पाऊसच नाही' असे म्हणत आलेल्या शेतकऱ्याने ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पाऊस किती पडतो याइतकेच तो कोठे थांबतो हेही महत्त्वाचे आहे, ही गोष्ट शंभर व्याख्यानांनी पटत नाही ती कोकणातील एका आटलेल्या विहिरीपाशी पटते. त्याच कोकणात कातळ फोडून खड्डा घेतलेला, बाहेरून आणलेल्या मातीने भरलेला आणि त्यात वाढलेला आंबा दिसतो. वरकस जमिनीत कलमांच्या मध्ये खणून प्लॅस्टिकच्या कापडाने आच्छादलेली जलकुंडे दिसतात. पावसाळ्यात भरून ठेवलेले त्यातील थोडे पाणी कलमास पहिले उन्हाळे तारून नेते. 18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि 1957 पासून काम करणाऱ्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात अशा गोष्टी विचारण्यास आधी कळवून जावे. उत्तर देणारी माणसे तेथे आहेत.

तथापि सारा वेळ प्रात्यक्षिके पाहण्यात घालवू नये. शासकीय अभ्यास दौऱ्यांचा एक दोष असा की त्यांत माणसे सकाळपासून सायंकाळपर्यंत फलक वाचीत हिंडतात आणि जेवणाची वेळ चुकवितात. वस्तुतः कोकणची शेती समजण्याचा सर्वांत सोपा मार्ग जेवणाच्या पानावरून जातो. तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, माशाचे कालवण, सोलकढी, घावन, आंबोळी हे सारे त्या घराच्या चतुःसीमेत किंवा समोरच्या समुद्रात निपजलेले असते. माळकऱ्यास मासळी वर्ज्य असली तरी त्याचे पान रिकामे राहत नाही. आणि कुळथाची पिठी वाढली जाईल तेव्हा जामखेडकराने ओळखावे की हा आपलाच हुलगा आहे. ज्या हुलग्याचे माडगे आजी थंडीत करीत असे आणि जो आज पाहुण्यापुढे ठेवण्याची लाज वाटते, तोच कोकणात पर्यटकास आग्रहाने वाढला जातो व त्याचे पीठ पिशव्यांत भरून विकले जाते.

वैशाखात कोकणच्या घराघरांतून जी लगबग चाललेली असते तिला तेथे आगोटीची बेगमी म्हणतात. पाऊस सुरू झाला की समुद्र बंद, वाटा चिखलाच्या आणि ऊन दुर्मीळ; म्हणून चार महिन्यांचे खाणे उन्हे आहेत तोवर साठवावयाचे. बोंबील, सुकट, सोडे वाळतात. आंब्याचा रस ताटांत थरावर थर वाळवून साठे होतात, बरक्या फणसाच्या पोळ्या होतात, आठळ्यादेखील जपून ठेविल्या जातात. यांत रातांब्याची कथा विशेष बोधप्रद आहे. पिकलेले फळ फोडून साल उन्हात घालतात. तिला त्याच फळाच्या मीठ घातलेल्या रसात बुडवितात, पुन्हा वाळवितात, असे अनेक वेळा केल्यावर आमसूल तयार होते. उरलेल्या खारट रसाचे आगळ, साखरेत मुरविलेल्या सालीचे सरबत, आणि बीपासून थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावावयाचे कोकमतेल. परसातल्या एका झाडाच्या फळाचा कोणताही भाग वाया जात नाही. या फळास 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाच्या कित्येक पिढ्या आधीपासून हे ज्ञान घरातील स्त्रियांच्या हातांत होते. उलट काजूबोंडांचे पाहावे: बी काढून घेतल्यावर बोंडांचे ढीग बागांतून कुजताना दिसतात. म्हणजे कोकणातही सर्व काही आदर्श आहे असे नव्हे.

आता जामखेडकडे वळून पाहावे. बांधावरची चिंच झोडपून, बहुधा न फोडताच, ती व्यापाऱ्याच्या हवाली होते. अहिल्यानगर आणि बार्शीच्या बाजारांत चिंचेची मोठी उलाढाल होते. फोडलेल्या चिंचेचा आणि चिंचोक्याचा फायदा मात्र शेताच्या बांधापर्यंत क्वचितच पोहोचतो. उडीद खरिपाचा, पोत्यांनी विकला जातो, आणि त्याच उडदाचा पापड शहरातील कारखान्यातून पुडक्यात बांधला जाऊन जामखेडच्या दुकानात परत येतो. ऊन कोकणापेक्षा येथे अधिक आणि अधिक भरवशाचे आहे. हात आहेत, अंगण आहे, वाळवणाची विद्याही आहे. फक्त ती घरच्या डब्यापुरती मानली गेली आहे. श्रीवर्धनच्या किंवा मालवणच्या एखाद्या बाईने आपल्या ओसरीवर मांडलेली आमसुले, साठे आणि पापड पाहून, त्यांचा भाव विचारून, शासनाचा अन्न परवाना तिने कसा काढला हे ऐकून जामखेडची बाई परतली, तर त्या यात्रेचा खर्च वायफळ ठरणार नाही.

याच कारणासाठी ही यात्रा पुरुषांची असू नये. शेतीच्या दौऱ्यांत बहुधा पुरुषांची नावे लिहिली जातात. स्त्रियांस 'घर कोण पाहील' या एका प्रश्नावर मागे ठेवले जाते. जामखेडने तरी असे करू नये. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले, तेव्हा खेड्यातील साध्या, पुष्कळदा निरक्षर स्त्रिया गाव सोडून शिकण्यासाठी जामखेडास येऊ लागल्या आणि शिकलेले गावी नेऊन माता व बालकांचे प्राण वाचवू लागल्या. ते काम पाहण्यास पुढे जगभरातून लोक आले. गावाबाहेर पडलेली बाई काय घेऊन परतते याचा पुरावा या तालुक्यास दुसरीकडे शोधावा लागत नाही. जनावरांची धार आणि वैरण यांची व्यवस्था शेजारघराने चार दिवस पाहावी, पुढच्या खेपेस त्यांची आपण पाहावी. इतकी देवाणघेवाण खेड्यात अशक्य नाही.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. कोकणातून परतताना गाडीच्या टपावर हापूसची कलमे बांधून आणण्याचा मोह आवरावा. हापूस हे समुद्रकाठच्या हवेचे फळ होय. 2018 मध्ये त्याला जे भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांपुरतेच आहे, आणि ते उगाच नव्हे. कोकणातही हे झाड एक वर्षाआड फळते आणि फळात साका होण्याची खोड त्याला आहे; ती टाळण्यासाठीच हापूस व नीलम यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात निघाली. जामखेडच्या शेतकऱ्याजवळ खात्रीचे पाणी असेल तर केशर आंबा, नसेल तर सीताफळ, बोर, आवळा आणि 'प्रतिष्ठान'सारखी कलमी चिंच, हीच त्याची फळझाडे. फळबाग पाहून यावी. उचलून आणू नये. तसेच कोकणच्या हिरव्या झाडीवरून तेथील शेतकरी भाग्यवान आहे असाही निष्कर्ष काढू नये. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या केल्या. ज्वारी गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. पोफळ गेली की नवीन रोपास फळ धरावयास वर्षानुवर्षे थांबावे लागते. ज्या घरी मुक्काम होईल तेथील वृद्धास त्या दिवसाविषयी विचारावे. दुष्काळ पाहिलेली माणसे आणि वादळ पाहिलेली माणसे यांस एकमेकांची भाषा लवकर कळते.

समुद्राच्या बाबतीत तर अज्ञान जिवावर बेतते. विहिरीत आणि तळ्यात पोहणाऱ्यास वाटते की आपणास पाणी कळते. परंतु समुद्र दिवसातून दोनदा भरतो व दोनदा ओसरतो, भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, आणि ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू ओढून माणसास आत नेते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून मुरुड येथे सहलीस गेलेले 14 विद्यार्थी बुडून मरण पावले. लाटा त्या दिवशी फार मोठ्या असाव्या लागतात असे नाही. किनाऱ्यावरील कोळ्यास विचारल्यावाचून पाण्यात उतरू नये, गुडघ्यापलीकडे जाऊ नये आणि मुलांचा हात सोडू नये. मद्यपान केलेल्या इसमास गाडीतच बसवून ठेवावे. तो रुसला तरी चालेल.

कोळीवाड्यात गेल्यावर आणखी एक गोष्ट विचारण्यासारखी आहे. 1 जून ते 31 जुलै या काळात राज्याच्या समुद्रात यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या वीणीचा काळ. नौका ओढून घेतल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, आणि समोर समुद्र असताना माणसे वाट पाहतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून आपले डोंगर हिरवे केले, ते याच जातीचे संयमन होय. ज्या गावांत चराईबंदीचा ठराव होतो आणि श्रावणातच मोडतो, तेथील पंचांस कोळ्यांच्या दोन महिन्यांच्या हिशेबाची माहिती अवश्य करून द्यावी.

ही यात्रा एकमार्गी राहू नये, हेही गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाहावे. कोकणातील ज्या घराने मुक्कामास ठेविले, त्यास पौष-माघात जामखेडास बोलवावे. त्या वेळी कोकणात भाताची कापणी झोडणी उरकलेली असते आणि जामखेडकडे मालदांडीची कणसे हुरड्यास आलेली असतात. समुद्रकाठच्या माणसाने आगटीभोवती बसून गरम हुरडा, लसणाची चटणी व गूळ यांचा घास क्वचितच घेतलेला असतो. 11 मार्च 1795 रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला ते खर्डे आणि तेथील किल्ला याच तालुक्यात आहे, चौंडी आहे. आणि काळ्या रानात मैलोगणती पसरलेली, पाण्यावाचून उभी असलेली ज्वारी तर कोकणच्या शेतकऱ्यास समुद्राइतकीच नवलाची वाटेल. निमंत्रण निघताना तोंडी द्यावे आणि मार्गशीर्षात पुन्हा एकदा फोनवर आठवण करावी; येताना आमसुले आणावयास सांगण्यास हरकत नाही, आणि परत जाताना त्यांच्या गाडीत पाच शेर ज्वारी व बचत गटाने केलेल्या उडदाच्या पापडांचे पुडे ठेवावेत, पुड्यावर गटाचे नाव व फोन क्रमांक छापलेला असावा.